किशोरवयीन मानसिक आरोग्यसेवेतील व्यवसायोपचार साहाय्यक

किशोरवयीन मानसिक आरोग्यसेवेतील व्यवसायोपचार साहाय्यक हा मानसिक आजारामुळे दैनंदिन जीवन विस्कळीत झालेल्या मुलामुलींसोबत, व्यवसायोपचारतज्ज्ञाने आखलेल्या योजनेनुसार, प्रत्यक्ष कृतींच्या माध्यमातून काम करणारा आरोग्य कर्मचारी आहे. स्वयंपाक, खरेदी, बसप्रवास, चित्रकला, खेळ, झोपेचे व अंघोळीचे वेळापत्रक अशा साध्या वाटणाऱ्या गोष्टी ही त्याच्या कामाची साधने होत. तो निदान करत नाही, औषधे ठरवत नाही आणि उपचाराची उद्दिष्टेही स्वतः निश्चित करत नाही. मात्र रुग्ण प्रत्यक्षात काय करू शकतो आणि कोठे अडतो, हे पाहण्याची संधी त्याला उपचारगटातील बहुतेकांपेक्षा अधिक मिळते. हे पद अनेक देशांत आढळते, परंतु त्याचे स्वरूप सर्वत्र सारखे नाही. प्रस्तुत लेखात मुख्यत्वे इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील, म्हणजे एनएचएसमधील, या पदाचा विचार केला आहे.

संज्ञा

मराठीत ‘व्यवसाय’ म्हटले की धंदा किंवा पेशा डोळ्यांसमोर येतो, आणि त्यामुळे ‘व्यवसायोपचार’ म्हणजे रुग्णाला एखादा धंदा शिकवणे असा समज सहज होतो. या शास्त्रात व्यवसाय याचा अर्थ माणसाचा वेळ व्यापणारी आणि त्याला अर्थपूर्ण वाटणारी कोणतीही कृती असा आहे. ‘पोराला काहीतरी उद्योग हवा’ या बोलीतील वाक्यात ‘उद्योग’ हा शब्द ज्या अर्थाने येतो, तो या संकल्पनेला अधिक जवळचा आहे. किशोरवयीन व्यक्तीच्या बाबतीत शाळेत जाणे, मित्रांशी बोलणे, स्वतःची खोली आवरणे, एकट्याने प्रवास करणे, आवडते संगीत ऐकणे, वेळेवर उठणे हे सारे व्यवसायच होत.

इंग्लंडमधील रुग्णालयांत हे पद व्यवसायोपचार साहाय्यक, थेरपी सपोर्ट वर्कर, टेक्निकल इन्स्ट्रक्टर अशा निरनिराळ्या नावांनी भरले जाते. नावे वेगळी असली तरी कामाचा गाभा बव्हंशी समान असतो.

पार्श्वभूमी

कामात गुंतलेले मन लवकर सावरते ही कल्पना जुनी असली, तरी तिला स्वतंत्र पेशाचे रूप विसाव्या शतकाच्या आरंभी आले. अमेरिकेतील क्लिफ्टन स्प्रिंग्ज येथे १९१७ साली व्यवसायोपचाराच्या प्रसारासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी एलिनॉर क्लार्क स्लेगल यांनी दीर्घकाळ मनोरुग्णालयात राहिलेल्या रुग्णांसाठी सवयींच्या पुनर्बांधणीचा कार्यक्रम विकसित केला. उठणे, आवरणे, काम, खेळ आणि विश्रांती यांचा समतोल दिवसाच्या वेळापत्रकातून परत आणणे हे त्याचे सूत्र होते. आजच्या किशोरवयीन कक्षांतील दिनक्रमाच्या तक्त्यातही तेच सूत्र दिसते. ब्रिटनमध्ये मनोविकारतज्ज्ञ डॉ. एलिझाबेथ कॅसन यांनी १९३० साली ब्रिस्टल येथे डॉर्सेट हाउस ही देशातील पहिली व्यवसायोपचार प्रशिक्षणसंस्था सुरू केली. म्हणजे ब्रिटनमधील या शिक्षणाची सुरुवातच मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातून झाली.

साहाय्यकाचे पद औपचारिकपणे प्रथम अमेरिकेत आकाराला आले. तेथील व्यावसायिक संघटनेने १९५८ मध्ये साहाय्यकांच्या प्रशिक्षणाला मान्यता दिली, आणि आरंभीचे अभ्यासक्रम मनोरुग्णालयांतील कामासाठीच होते. अमेरिकेत आज हे पद शिक्षण, परीक्षा आणि परवाना यांनी बांधलेले आहे. इंग्लंडमध्ये तसे झाले नाही. तेथे ‘व्यवसायोपचारतज्ज्ञ’ ही पदवी कायद्याने संरक्षित असून तिच्यासाठी आरोग्य व निगा व्यवसाय परिषदेकडे नोंदणी अनिवार्य आहे. साहाय्यकासाठी अशी नोंदणी नाही. त्यामुळे त्याच्या कामाची मर्यादा नेमणूक करणारी संस्था आणि देखरेख करणारा तज्ज्ञ हेच ठरवतात.

सेवेची रचना

इंग्लंडमधील बाल व किशोरवयीन मानसिक आरोग्यसेवा ‘कॅम्स’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. १९९५ च्या एका शासकीय अहवालात या सेवेची चार स्तरांत मांडणी करण्यात आली. पहिल्या स्तरावर शाळा व कुटुंबवैद्य, मधल्या दोन स्तरांवर समाजात काम करणारे तज्ज्ञगट, तर चौथ्या स्तरावर आंतररुग्ण विभाग व अतिविशेष सेवा येतात. अलीकडे अनेक ठिकाणी ही स्तररचना मागे पडली आहे. तरी ‘टियर फोर’ हा शब्दप्रयोग कर्मचाऱ्यांच्या बोलण्यात कायम आहे.

व्यवसायोपचार साहाय्यक प्रामुख्याने या आंतररुग्ण विभागांत आढळतात. सर्वसाधारण किशोरवयीन विभागात साधारणतः १३ ते १८ या वयोगटातील मुले दाखल होतात. तीव्र नैराश्य, स्वतःला इजा करणे, आहारविकार, मनोविकृतीचा पहिला झटका, तीव्र चिंता ही दाखल होण्याची नेहमीची कारणे आहेत, आणि यांतील अनेक मुले स्वमग्नही असतात. विभागातच शाळा चालते. त्यामुळे सकाळचा बराच वेळ शिक्षकांकडे असतो, आणि दुपार, संध्याकाळ व काही ठिकाणी शनिवार-रविवार हा साहाय्यकाच्या कामाचा मुख्य काळ ठरतो. कक्षात सर्वाधिक अस्वस्थता साधारणपणे याच रिकाम्या वेळात वाढते.

तज्ज्ञ आणि साहाय्यक

मूल्यमापन, उद्दिष्टांची निश्चिती आणि उपचारयोजना ही तज्ज्ञाची जबाबदारी, तर योजनेतील कृती पार पाडणे व निरीक्षणे परत कळवणे ही साहाय्यकाची, अशी ढोबळ विभागणी असते. काम सोपवण्याचा निर्णय योग्य होता की नाही याचे उत्तरदायित्व तज्ज्ञाकडे राहते. सोपवलेले काम नीट केले की नाही याचे साहाय्यकाकडे. आपल्या आवाक्याबाहेरचे काम अंगावर आले असता ‘हे मला शिकवलेले नाही’ असे स्पष्ट सांगणे हाही साहाय्यकाच्या कर्तव्याचाच भाग मानला जातो.

अनेक विभागांत या कामाला ‘मानवी व्यवसाय प्रतिमान’ या सिद्धान्ताची बैठक असते. गॅरी किलहोफनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९८० मध्ये मांडले. कोणतीही कृती घडण्यामागे त्या व्यक्तीची प्रेरणा, तिच्या सवयी व भूमिका, तिची कार्यक्षमता आणि भोवतालची परिस्थिती हे सारे एकत्र काम करते, असे हे प्रतिमान सांगते. साहाय्यकाला सिद्धान्ताची चर्चा करावी लागत नाही, पण त्याची भाषा कळावी लागते. एखादा मुलगा भात शिजवत नाही तो त्याला येत नाही म्हणून, करावेसे वाटत नाही म्हणून, घरी कधीच करावे लागले नाही म्हणून, की कक्षातील गोंगाटाने तो हैराण झाला म्हणून? प्रत्येक उत्तराला पुढचे पाऊल वेगळे आहे.

कामाचे स्वरूप

साहाय्यकाचे कौशल्य सर्वाधिक दिसते ते कृतीची पातळी ठरलेल्या दिशेने हळूहळू वाढवण्यात. याला श्रेणीकरण म्हणतात. अनेक आठवडे अंथरुणातून न उठलेल्या नैराश्यग्रस्त मुलीसाठी पहिली पायरी स्वयंपाकघरात येऊन बसणे एवढीच असू शकते. नंतर स्वतःसाठी चहा, मग टोस्ट, पुढे पास्त्यासारखा दोन-तीन टप्प्यांचा पदार्थ, त्यानंतर सामानाची यादी करून दुकानात जाणे, आणि शेवटी कक्षातील दोघा-तिघांसाठी जेवण करणे. ‘इच्छा झाली की कर’ असे नैराश्यात म्हणून चालत नाही, कारण इच्छाच आजाराने हिरावलेली असते. कृती आधी आणि इच्छा मागून, हा क्रम येथे जाणीवपूर्वक स्वीकारलेला असतो. पायरी फार मोठी ठेवली तर अपयशाची आणखी एक आठवण तयार होते. फार लहान ठेवली तर पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला आपल्याला बालवाडीत बसवल्यासारखे वाटते. दुसरी चूक पहिलीइतकीच महागात पडते.

एकच कृती एका रुग्णासाठी उपचार आणि दुसऱ्यासाठी आजाराचे लक्षण ठरू शकते, हे आहारविकारांत विशेषतः दिसते. ॲनोरेक्सिया नर्व्होसा असलेल्या अनेक मुली तासन्तास पाककृती वाचतात, इतरांसाठी हौसेने केक करतात आणि स्वतः त्यातला घास घेत नाहीत. बाहेरून पाहणाऱ्याला हा सहभाग उत्तम वाटेल. म्हणून अशा रुग्णासोबतचे स्वयंपाकसत्र आहारतज्ज्ञ व व्यवसायोपचारतज्ज्ञ यांच्या संमतीनेच ठेवले जाते. काय शिजवायचे, किती वाढायचे आणि ते बसून खायचे हे आधी ठरलेले असते, आणि साहाय्यक बहुधा स्वतःही तेच ताट घेऊन सोबत जेवतो. चालण्याच्या गटाचेही तसेच आहे. नैराश्यात जे चालणे औषधासारखे, ते व्यायामाचा ध्यास लागलेल्या मुलीसाठी आजाराला खतपाणी घालणारे ठरू शकते.

मनोविकृतीच्या झटक्यातून सावरणाऱ्या मुलासाठी सत्र लहान, सूचना मोजक्या आणि काम ठोस ठेवतात. मणी ओवणे, लाकूड घासणे, मातीचे भांडे करणे अशा जुन्या हस्तव्यवसायांचे महत्त्व येथे अजून टिकून आहे. हाताखाली काहीतरी घडताना दिसत असल्याने लक्ष वास्तवाकडे वळते. स्वमग्न मुलांसोबत पुढे काय होणार हे आधी सांगणे, आणि बदल असेल तर तो लवकर कळवणे, याला फार महत्त्व असते. ठरलेले सत्र न सांगता रद्द झाले तर त्या दिवशीची पुढची सारी घडी विस्कटू शकते.

संवेदनांशी संबंधित काम हा आणखी एक भाग. याची पाळेमुळे अमेरिकी व्यवसायोपचारतज्ज्ञ ए. जीन एअर्स यांच्या संवेदन-एकात्मीकरणाच्या सिद्धान्तात आहेत. कोणाला दाब, वजन, थंडावा किंवा लय यांनी शांत वाटते, कोणाला त्याच गोष्टींनी अस्वस्थ होते. तज्ज्ञाच्या मूल्यमापनानंतर साहाय्यक रुग्णासोबत बसून त्याची स्वतःची पेटी तयार करतो. तिच्यात आवडत्या वासाचे क्रीम, दाबायचा चेंडू, गाण्यांची यादी, एखादे मऊ कापड अशा वस्तू असतात. तगमग सुरू होताच, ती शिगेला पोहोचण्याआधी, ही पेटी उघडायची असते. तिचा वापर शांत असताना सरावाने शिकावा लागतो. प्रसंग ओढवल्यावर प्रथमच हाती दिलेली पेटी सहसा उपयोगी पडत नाही.

घरी जाण्याचा दिवस जवळ येतो तशी कृती कक्षाबाहेर सरकते. बसचे तिकीट काढणे, गर्दीच्या दुकानात रांगेत उभे राहणे, शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन परत येणे, मित्राला इतके दिवस कोठे होतो याचे काय उत्तर द्यायचे ते ठरवणे. हा शेवटचा प्रश्न मुलांना सर्वांत अवघड वाटतो असे कर्मचारी सांगतात, आणि तो कोणत्याही छापील मूल्यमापनात फारसा आढळत नाही.

निरीक्षण आणि नोंद

मनोविकारतज्ज्ञ रुग्णाला ठरावीक भेटींत पाहतो. साहाय्यक त्याला कांदा चिरताना, चेंडू हरवल्यावर, गटात दुसऱ्याला आपल्यापेक्षा जास्त दाद मिळाल्यावर पाहतो. रजा वाढवायची की नाही, घरी पाठवायचे की नाही, हे साप्ताहिक बैठकीत ठरताना या नोंदींचा आधार घेतला जातो. म्हणून ‘मूड बरा होता, छान सहभाग घेतला’ अशी नोंद निरुपयोगी समजली जाते. ‘पाचपैकी तीन पायऱ्या स्वतःहून केल्या, पाणी सांडल्यावर दोन मिनिटे थांबली, मदत मागितली व काम पुरे केले, गेल्या आठवड्यात अशाच प्रसंगी खोलीत निघून गेली होती’ ही नोंद निर्णयाला उपयोगी पडते. पाहिलेले आणि त्यावरून काढलेले अनुमान वेगवेगळे लिहिणे हा नोंदीचा मूलभूत नियम होय. ‘लक्ष वेधण्यासाठी केले’ यासारखी वाक्ये अनुमान तर आहेतच, शिवाय एकदा कागदावर आली की ती रुग्णाचा पाठलाग करतात.

हात कामात असताना मुले बोलती होतात. समोरासमोरच्या खुर्च्यांवर बसून जे निघत नाही ते भांडी घासताना सहज निघते. अशा वेळी ‘कोणाला सांगणार नसाल तर सांगते’ ही अट साहाय्यकाला मान्य करता येत नाही. जिवाला धोका, छळ किंवा अत्याचार यांविषयी काही कळले तर ते जबाबदार सहकाऱ्यांना सांगणे बंधनकारक असते, आणि ही मर्यादा विश्वास जुळण्याआधीच मुलाला स्पष्ट करावी लागते. नंतर सांगितली तर तो विश्वासघात वाटतो.

जोखीम आणि संमती

ज्या कक्षात स्वतःला इजा करणारी मुले आहेत तेथे सुरी, सुई, कात्री, काच यांचा वापर हा रोजचा प्रश्न असतो. सत्राआधी व सत्रानंतर अवजारे मोजली जातात, आणि एक जरी कमी भरले तरी ते सापडेपर्यंत कोणी जागेवरून हलत नाही. त्या दिवशीची रुग्णाची स्थिती परिचारिकेकडून विचारल्याशिवाय सत्र सुरू होत नाही. सकाळी आखलेले काम दुपारी बदलावे लागणे नित्याचे आहे.

तथापि सारेच काढून घेणे हा सुरक्षिततेचा मार्ग नव्हे. काहीच करायला नसलेला कक्ष स्वतःच धोकादायक होतो, आणि सहा महिने सुरीला हात न लावलेली मुलगी घरी गेल्यावर पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरात एकटी असते. म्हणून विचारपूर्वक, नोंद करून आणि गटाच्या सहमतीने थोडा धोका पत्करणे हा उपचाराचा भाग मानतात. इंग्लंडच्या मानसिक आरोग्य कायद्याची २०१५ ची आचारसंहिताही रुग्णाचा वैयक्तिक विचार न करता सर्वांवर सरसकट लादलेल्या निर्बंधांना विरोध करते. प्रत्यक्षात एखादी दुर्घटना घडली की निर्बंध सर्वांवर येतात आणि ते उठायला वेळ लागतो, हा या क्षेत्रातील परिचित अनुभव आहे.

१९८३ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली सक्तीने दाखल केलेल्या रुग्णाला रुग्णालयाबाहेर नेण्यासाठी कलम १७ खाली जबाबदार चिकित्सकाची लेखी रजा लागते. किती वेळ, कोणासोबत आणि कोठवर हे तिच्यात नमूद असते. रस्त्यापलीकडच्या दुकानापर्यंतची रजा असेल तर साहाय्यकाला त्यापुढच्या उद्यानात जाता येत नाही. सोळा वर्षांखालील मुलाला उपचाराचा अर्थ पुरेसा समजत असेल तर त्याची स्वतःची संमती ग्राह्य धरता येते, हे ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८५ च्या गिलिक खटल्यात मान्य केले. मात्र कायद्याने उपचाराची सक्ती करता आली तरी केक करण्याची सक्ती करता येत नाही. कक्षातील बहुतेक गोष्टी स्वतःच्या मर्जीबाहेर घडत असलेल्या मुलासाठी ‘नाही’ म्हणता येणे हेच कधीकधी पहिले स्वतंत्र कृत्य असते, आणि अनुभवी साहाय्यक नकार नोंदवून दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायला येतो.

शिक्षण, वेतन आणि मर्यादा

या पदासाठी पदवीची अट सहसा नसते. सर्वसाधारण शालेय पात्रता, मुलांसोबत किंवा निगा क्षेत्रात काम केल्याचा अनुभव आणि गुन्हेगारी पार्श्वभूमीची सखोल तपासणी अपेक्षित असते. नव्या कर्मचाऱ्याला २०१५ पासून लागू झालेले केअर सर्टिफिकेट, बालसंरक्षणाचे प्रशिक्षण आणि आक्रमक प्रसंग शांत करण्याचे प्रशिक्षण दिले जाते. एनएचएसच्या २००४ पासूनच्या वेतनरचनेत हे पद साधारणतः तिसऱ्या, काही ठिकाणी दुसऱ्या किंवा चौथ्या श्रेणीत येते. नवा नोंदणीकृत तज्ज्ञ पाचव्या श्रेणीपासून सुरुवात करतो. नोकरी करत पदवी मिळवून तज्ज्ञ होण्याचा शिकाऊ उमेदवारीचा मार्गही उपलब्ध आहे.

साहाय्यक अनेकदा विशीतले असतात, म्हणजे रुग्णांपेक्षा चार-सहा वर्षांनीच मोठे. संगीत, खेळ, बोलण्याची ढब सारखी असल्याने ओळख लवकर होते, आणि त्यामुळेच सीमा सांभाळणे कठीण जाते. समाजमाध्यमांवर जोडले जाणे, खासगी भेटवस्तू, सुटीनंतर भेटण्याचे आश्वासन हे सारे निषिद्ध आहे. ज्या मुलांना मोठ्यांनी अचानक सोडून जाण्याचा अनुभव आहे, त्यांच्यासाठी शेवटचे सत्र केव्हा हे आधीपासून सांगून ठेवणे उपचाराचाच भाग असतो. आदल्या दिवशी सोबत चित्र काढणाऱ्या मुलीने रात्री स्वतःला इजा केल्याचे सकाळी कळणे, हा या कामातील ताण तज्ज्ञासोबतच्या नियमित चर्चेत मांडण्याची सोय अपेक्षित असते. ती सर्वत्र नीट मिळतेच असे नाही.

या पदावरची मुख्य टीका त्याच्या वापराविषयी आहे. परिचारिका कमी पडल्या की साहाय्यकाला रुग्णावर नजर ठेवण्याच्या पाळीत घेतले जाते आणि ठरलेली सत्रे रद्द होतात. कागदावर कार्यक्रम भरगच्च आणि प्रत्यक्षात दूरचित्रवाणीसमोर बसलेली मुले, असे चित्र त्यातून निर्माण होते.

भारतातील स्थिती

भारतात व्यवसायोपचाराचे शिक्षण मुंबईत सुरू झाले. जन्माने अमेरिकी असलेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात देशातील पहिले प्रशिक्षण विद्यालय स्थापन केले, आणि १९५२ मध्ये अखिल भारतीय व्यावसायिक संघटना उभी राहिली. महाराष्ट्रात व्यवसायोपचार व भौतिकोपचार यांची नोंदणी करणारी राज्य परिषद आहे. येथे हा पेशा पदवीधर तज्ज्ञांभोवतीच वाढला. इंग्लंड वा अमेरिकेसारखा साहाय्यकांचा स्वतंत्र वर्ग रुजला नाही. त्याच्या वाट्याची कामे परिचारिका, समाजसेवक, कला व हस्तव्यवसाय शिकवणारे आणि परिचर यांच्यात विभागली जातात.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातील एका तरतुदीने भारतीय कक्षाचे चित्र इंग्लंडहून वेगळे केले आहे. या कायद्यानुसार अठरा वर्षांखालील रुग्णाला प्रौढांपासून वेगळे ठेवावे लागते, आणि त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी किंवा नेमलेला सोबती दाखल असण्याच्या संपूर्ण काळात त्याच्यासोबत राहणे आवश्यक असते. मुलगी रुग्ण असेल आणि प्रतिनिधी पुरुष असेल तर स्त्री सोबती नेमावी लागते. इंग्लंडमध्ये साहाय्यक ज्या वेळी मुलासोबत असतो, त्या दुपारी आणि संध्याकाळी येथे बहुधा आई, वडील किंवा आजी जवळ असते. त्यामुळे कृतीची पुढची पायरी कोणती, कोठे मदत करायची आणि कोठे हात मागे घ्यायचा, हे तज्ज्ञाला येथे त्या नातेवाइकालाच शिकवावे लागते.